कोकणात केल्पचं जंगल का नाही, आणि पुण्यातल्या मुलांनी मग काय मोजावं

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीची मुलं पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी समुद्रातल्या केल्पच्या जंगलांवर काम करतायत. त्यांच्या बाईंचे प्रश्न तीन आहेत. आपल्याला एवढा मोठा किनारा असून केल्प का नाही? पाठ्यपुस्तकात असते ती पाणमांजर, अर्चिन आणि केल्प ही साखळी (केल्पला अर्चिन हा काटेरी समुद्री प्राणी खातो, अर्चिनला पाणमांजर) सगळीकडे खरी आहे का? आणि माहिती उतरवून चित्रं चिकटवण्यापेक्षा मुलांना स्वतःच्या हातांनी करता येईल असं काही आहे का? तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलगच लिहितो.

केल्प म्हणजे तपकिरी शैवालांच्या लॅमिनारिएलीज या गणातल्या जाती. ही झाडं नाहीत. यांना मुळं नाहीत, फुलं नाहीत, बी नाही. तळाशी खडकाला घट्ट धरून बसणारी बोटाबोटांची पकड असते, तिला होल्डफास्ट म्हणतात. ती फक्त धरते, शोषत काहीच नाही. पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, कार्बन हे सगळं शरीराच्या पृष्ठभागातून थेट आत जातं. होल्डफास्टच्या वर लवचीक देठ, त्यावर पात्यासारखे पट्टे, आणि काही जातींत हवेचे फुगे. मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा या महाकाय केल्पमध्ये प्रत्येक पात्याच्या बुडाशी एक फुगा असतो. नेरिओसिस्टिस या बुल केल्पमध्ये एकच मोठा फुगा असतो आणि त्यातल्या वायूत चक्क कार्बन मोनॉक्साइडही असतो.

मुलांना केल्प हातात घेऊन बघायचा असेल तर पुण्यात सोय आहे. जपानी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांत 'कोंबू' नावाची वाळलेली काळपट पट्टी मिळते. तो खरा केल्प आहे, सॅकॅरिना जापोनिका. वीतभर तुकडा घ्या. त्यावर पांढरी पूड दिसेल. बुरशी समजून धुऊ नका, ती मुख्यतः मॅनिटॉल असते, म्हणजे केल्पने साठवलेली साखरेच्या जातीची वस्तू. बोटाने टिपून चव घेतली तर गोडसर-खारट लागते. आता तुकडा साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा. तो फुगतो, जाड होतो आणि भेंडी चिरल्यासारखा बुळबुळीत होतो. दोन्ही हातांनी पिळा, दुमडा, ताणा. सहजी मोडत नाही. पेशीभित्तिकेतल्या अल्जिनेटमुळे हा चिवटपणा येतो. वादळी लाटेत ताठ उभं राहिलं तर मोडणार, म्हणून केल्प लाटेबरोबर वाकतो आणि लाट सरली की परत उभा राहतो. लाकडाची गरजच त्याला पडत नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट वेगळं काढलं ते याच कोंबूच्या पाण्यातून, हेही रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगं आहे.

आता जंगल. भीमाशंकरला जसे थर दिसतात तसे इथेही असतात: वर पृष्ठभागावर पसरलेलं छत, मध्ये दोन-तीन मीटर उंचीचे देठवाले केल्प, खाली आडवे पडणारे लॅमिनारिया, त्याखाली तांबडी शैवालं, आणि अगदी खडकावर रंग फासल्यासारखी गुलाबी चुनखडी शैवालं. दाट छताखाली पृष्ठभागावरच्या प्रकाशातला जेमतेम काही टक्के प्रकाश पोचतो, त्यामुळे छत फाटलं की खालचा सगळा हिशोब बदलतो. तुलना इथपर्यंत ठीक आहे. पुढे ती मुलांना चकवते, कारण भीमाशंकरचं झाड शेकडो वर्षं उभं राहतं आणि महाकाय केल्पची एक फांदी काही महिन्यांत जून होऊन तुटते. अनुकूल पाण्यात ती दिवसाला ३० ते ६० सेंटिमीटर वाढते, आणि जंगलातला एकूण जीवभार वर्षभरात सहा-सात वेळा नव्याने तयार होतो. म्हणजे 'किती उभं आहे' यापेक्षा 'किती तयार होऊन किती वाहून गेलं' हा आकडा इथे महत्त्वाचा. तयार झालेल्या केल्पचा मोठा भाग, साधारण ८० टक्क्यांच्या वर, कुणी जिवंतपणी खात नाही. तो तुटतो, कुजतो, वाहत जाऊन खोल पाण्यात किंवा किनाऱ्यावर पडतो आणि तिथल्या जिवांचं पोट भरतो. हे तुटून वाहणारं केल्प लक्षात ठेवा, अर्चिनची गोष्ट त्याच्याशिवाय कळत नाही.

बहुतेक प्रकल्पांत सुटून जाणारा भाग म्हणजे केल्पचं सूक्ष्म आयुष्य. आपल्याला दिसतो तो फक्त द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेला), बीजाणू देणारा टप्पा. पात्यांवरच्या गडद चट्ट्यांतून, म्हणजे सोरसमधून, पोहणारे बीजाणू सुटतात. ते खडकावर बसतात आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे नर आणि मादी तंतू उगवतात. मादी एक रसायन सोडते, त्याच्या ओढीने नराच्या शुक्रपेशी येतात. पण त्या रसायनाचा पल्ला साधारण एक मिलिमीटर. म्हणून खडकाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किमान एखादा बीजाणू बसला नाही तर गाठच पडत नाही. बहुतेक बीजाणू आईपासून फार लांब न जाता बसतात, काही मीटर ते फार तर काही किलोमीटर. खडकावर गाळाचा पातळ थर असेल तर बीजाणू खडकाला चिकटूच शकत नाहीत किंवा गुदमरून मरतात. केल्पचं जंगल परत का येत नाही, याचं उत्तर पुष्कळदा या न दिसणाऱ्या टप्प्यात असतं.

आता कोकणाचा प्रश्न. 'आपण उष्ण कटिबंधात आहोत म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. विषुववृत्तावरच्या गॅलापॅगोस बेटांजवळही पृष्ठभागाखालच्या थंड पाण्यात केल्प आहे. केल्पला लागतं ते थंड आणि नायट्रेटने भरलेलं पाणी, आणि या दोन गोष्टी समुद्रात सहसा जोडीने येतात, कारण दोन्ही खोलातून वर येतात. महाकाय केल्पला साधारण ५ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. दक्षिण कॅलिफोर्नियात पाणी १५-१६ अंशांच्या वर गेलं की त्यातलं नायट्रेट जवळपास संपतं आणि केल्प पिवळट पडून झडू लागतो. म्हणजे उष्णतेने मरण्याआधीच तो उपाशी पडतो. कोकणात पृष्ठभागाचं पाणी वर्षभर २६ ते ३० अंशांच्या आसपास. त्यात मुलायम चिखलाचा रुंद तळ, पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ, आणि वर गोड्या पाण्याचा थर.

पण याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर केल्प आहे, आणि वर्गात सांगायलाच हवी अशी ही गोष्ट आहे. ओमानच्या धोफार किनाऱ्यावर एक्लोनिया रेडिआटा या खऱ्या केल्पची नोंद आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीला धडकून मुळशी-ताम्हिणीला भिजवतो, तोच वारा त्याआधी धोफारच्या किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पृष्ठजल वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं. किनारा वाऱ्याच्या डावीकडे असल्याने पाणी काठापासून दूर जातं आणि त्याची जागा भरायला खालचं थंड, नायट्रेटवालं पाणी वर येतं. जून ते सप्टेंबर तिथलं पाणी २० अंशांच्या आसपास उतरतं आणि दाट शैवालं उगवतात. वारा थांबला की पाणी तापतं आणि बहर ओसरतो. आपल्या बाजूला तोच वारा किनाऱ्यावर आडवा येतो, पाणी काठाकडे लोटतो आणि पावसासोबत गाळ आणतो. एकच मान्सून, दोन काठांवर दोन उलट परिणाम. नकाशावर बाण काढून हे दाखवलं तर अकरावीच्या मुलांना पाच मिनिटांत समजतं.

दुसरा प्रश्न साखळीचा. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवर जिम एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी दोन जागांची तुलना करून १९७४ साली निष्कर्ष मांडले. ॲम्चिट्का बेटाजवळ समुद्री पाणमांजरं होती आणि केल्प दाट होता. शेम्या बेटाजवळ पाणमांजरं नव्हती. तिथे अर्चिनांनी खडक खरवडून साफ केला होता. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने पाणमांजरं जवळपास संपली होती, १९११ च्या करारानंतर त्यांना संरक्षण मिळालं. या प्राण्याला देवमाशासारखा चरबीचा थर नाही, म्हणून अंग गरम ठेवायला तो रोज स्वतःच्या वजनाच्या २० ते २५ टक्के खातो. एवढी भूक असलेला प्राणी अर्चिनांची संख्या दाबून ठेवणारच.

ही साखळी खरी आहे, पण ती त्या भागाची आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात अर्चिन खायचं काम शीपहेड मासा आणि काटेरी लॉब्स्टर करतात. टास्मानियात मोठे रॉक लॉब्स्टर. उत्तर कॅलिफोर्नियात पाणमांजरं आता नाहीतच, तिथे वीसेक हातांचा सूर्यफूल तारामासा हे काम करत होता. म्हणून मुलांना नावं पाठ करायला लावू नका. 'इथे अर्चिनला कोण खातं?' हा प्रश्न विचारायला शिकवा.

आणि अर्चिनला खलनायक करू नका. अर्चिन म्हणजे काट्यांचा गोळा, खाली पाच दातांचं तोंड. जंगल निरोगी असतं तेव्हा तो कपारीत बसून राहतो आणि वर सांगितलेलं तुटून वाहणारं केल्प काट्यांनी आणि नळीपायांनी पकडून खातो. बाहेर पडायची त्याला गरज नसते. वाहतं केल्प कमी झालं, मग ते उष्ण पाण्यामुळे असो की वादळामुळे, की तो उपाशी पोटी कपार सोडतो आणि उभे देठ कुरतडायला लागतो. संख्या तीच, वागणं बदललं. त्याला खाणारेही कमी झाले असतील तर काही महिन्यांत गुलाबी खडक उघडा पडतो. त्याला अर्चिन बॅरन म्हणतात. बॅरनमधले अर्चिन उपाशीच असतात. फोडले तर आतली जननग्रंथी जवळपास रिकामी निघते, म्हणून कोळीही ते उचलत नाहीत. तरी ते मरत नाहीत, चयापचय मंद करून वर्षानुवर्षं टिकतात आणि उगवणारा प्रत्येक कोंब खातात. जंगल मोडायला जेवढे अर्चिन लागतात, त्याच्या कितीतरी कमी संख्येवर ते आणावे लागतात तेव्हा कुठे जंगल परत उभं राहतं. फरक साधारण दहापटीचा. जायची वाट आणि यायची वाट एक नाही.

उत्तर कॅलिफोर्नियात हे सगळं ओळीने घडलं. २०१३ पासून एका रोगाने तारामासे गळून मेले, सूर्यफूल तारामासा जवळजवळ दिसेनासा झाला. २०१४ ते २०१६ समुद्रात उष्णतेची लाट होती. बुल केल्पचं छत ९० टक्क्यांहून जास्त घटलं, जांभळे अर्चिन बाहेर आले, लाल ॲबलोन (केल्प खाणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगायी) उपाशी मरू लागले आणि २०१८ मध्ये ॲबलोनची मासेमारी बंद करावी लागली. एकच कारण शोधणारा इथे चुकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यावरचा केल्प गेला आणि जागा अर्चिनांनी नाही, तर बुटक्या गालिच्यासारख्या शैवालांनी घेतली. त्या गालिच्यात गाळ अडकतो, आणि गाळावर केल्पचा बीजाणू बसत नाही.

जंगल परत उभं करण्याचे दोन भाग आहेत. पहिला अर्चिन कमी करणं. कॅलिफोर्नियात चौरस मीटरला दोनपेक्षा कमी हे लक्ष्य धरतात, आणि एकदा उचलून भागत नाही, आजूबाजूचे सरकत येतात. दुसरा भाग रोपांचा. नॉर्वेत विकसित झालेल्या पद्धतीला ग्रीन ग्रॅव्हल म्हणतात. पिकलेल्या सोरसचे तुकडे कापतात, पुसून स्वच्छ करतात आणि रात्रभर थंड, अंधाऱ्या जागी थोडे सुकू देतात. दुसऱ्या दिवशी गाळलेल्या, निर्जंतुक समुद्रपाण्यात बुडवले की तासाभरात पाणी गढूळ तपकिरी होतं, ते बीजाणू. सूक्ष्म तंतू लाल प्रकाशात ठेवले तर नुसते वाढत राहतात, प्रजननाकडे वळत नाहीत, कारण त्यासाठी निळा प्रकाश लागतो. हवं तेव्हा पांढऱ्या प्रकाशात आणायचे. मग खडीवर शिंपडायचे, १० अंशांच्या आसपास वाढवायचे आणि कोंब २-३ सेंटिमीटरचे झाले की खडी होडीतून समुद्रात टाकायची. बिघडतं कुठे? डायटम नावाची सूक्ष्म शैवालं उगवून सगळं झाकतात, त्यासाठी जर्मेनियम डायऑक्साइड मोजून घालतात. सोरस जुना असेल तर बीजाणू पोहतच नाहीत. आणि खडी लाटेच्या माऱ्यात पडली तर घरंगळून कोंब खरचटतात.

'मग कोकणात लावून बघू' हा विचार मुलांच्या मनात येईलच. उत्तर स्पष्टपणे 'नाही' असंच आहे. मोठा केल्प आपल्या पाण्यात जगणार नाही, आणि परकं शैवाल जगलं तर ते आणखी वाईट. कप्पाफायकस हे तांबडं शैवाल लागवडीसाठी आणलं आणि मन्नारच्या आखातात ते प्रवाळांवर पसरलेलं आढळलं.

कार्बनबद्दलही सावध राहा. केल्पखाली माती नाही, खारफुटीसारखा कार्बन तिथेच साठत नाही. जो टिकतो तो वाहून खोल समुद्रात गेलेला, आणि तो कुणाच्या खात्यावर मोजायचा हे ठरवणं अवघड असतं. प्रकल्पात 'केल्प इतका कार्बन शोषतो' असा ठाम आकडा लिहू नये.

आता हाताने करायचं काम. आपल्याकडे केल्पच्या जवळचं काम करतं ते सरगॅसम. तेही तपकिरी, पण फ्यूकेलीज या वेगळ्या गणातलं. त्यालाही होल्डफास्ट, हवेचे मण्यांसारखे फुगे आणि छत असतं. मोठा फरक हा की त्याला स्वतंत्र जगणारा सूक्ष्म टप्पा नाही. मालवण, कुणकेश्वर, रत्नागिरीच्या खडकांवर पावसाळा संपला की ते वाढू लागतं, हिवाळ्यात भरात असतं आणि उन्हाळ्यात झडतं. सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा.

वेळ साधणं हे अर्धं काम. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला ओहोटी पहाटे-संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पडते, उजेड नसतो. वद्य द्वितीया-तृतीयेला ती सकाळी साडेसात ते साडेआठला येते आणि उधाण अजून उतरलेलं नसतं. मुलांना न्यायला तेच दिवस धरा, फक्त त्या बंदराचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता पाहून खात्री करा. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, पाणी वळलं की अर्ध्या तासात आवरायचं.

मोजणीसाठी खडकावर ठेवायची चौकट घरी बनते: अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, चार कोपरे, आतलं माप ५० बाय ५० सेंटिमीटर. पाइपला भोकं पाडा, नाहीतर ती पाण्यावर तरंगते. १० सेंटिमीटरवर दोऱ्या ताणल्या की २५ घरं होतात, प्रत्येक घर ४ टक्के. किनाऱ्याला काटकोनात ३० मीटर दोरी टाका, दर ५ मीटरला चौकट, म्हणजे दोरीला सात. अशा तीन दोऱ्या. प्रत्येक चौकटीत आधी वरचं छत मोजा. मग सरगॅसम हाताने बाजूला सारा आणि खालचा थर वेगळा मोजा. बेरीज १०० च्या वर जाईल. जाऊ द्या! थर असतील तर ती जायलाच हवी. मुलं ओढूनताणून १०० करतात आणि तिथेच जंगलाची रचना हरवते. दहा रोपांची लांबी होल्डफास्टपासून सर्वांत लांब टोकापर्यंत घ्या. छताखाली आणि उघड्या खडकावर तापमान वेगवेगळं घ्या. अर्चिन, गोगलगायी, खेकडे मोजताना उलटवलेला दगड पुन्हा तसाच ठेवा, खालची बाजू उन्हात राहिली तर तिच्यावरचे जीव मरतात.

रोपावरचे बारीक प्राणी हवे असतील तर अख्ख्या रोपावर प्लास्टिकची पिशवी चढवून होल्डफास्टच्या थोडं वर कापा, उपटू नका. होल्डफास्टातून ते पुन्हा फुटतं. बादलीत समुद्राच्या पाण्यात झटका आणि अर्धा मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. शैवालाचा नमुना वाळवून जपायचा तर तो ट्रेमध्ये पाण्यात पसरून खालून जाड कागद उचला, वर मलमल टाका आणि वर्तमानपत्रं रोज बदलत दाबा. जात ओळखताना अडलं तर कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, प्राण्यांसाठी आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. त्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडता येत नाही. नुसती मोजणी आणि फोटो करणार असाल तरी आधी विचारून घ्या.

जमलं तर त्याच दोऱ्यांवर मे महिन्यात परत जा. छत गेलेलं असेल, खडकावर फक्त बोटभर उंचीचे होल्डफास्ट उरलेले असतील. तेच मोजून आणा. पुढच्या हिवाळ्यात तिथे किती दाट सरगॅसम उगवेल, याचा अंदाज मुलं त्या आकड्यावरून बांधू शकतील, आणि तो बरोबर आला की नाही हे पुढच्या वर्षीची तुकडी तपासेल.